‘कब्बडी’ नव्हे, कबड्डी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेच्या बातमीला आपण ‘कब्बडी’ असा मथळा दिलात आणि खालच्या मजकुरात दोनदा ‘कबड्डी’ छापलेत. ही चूक एकट्या आपल्याच दैनिकाची नाही. मंडळांच्या फलकांवर, चषकांवर, शाळांच्या प्रमाणपत्रांवरही ती सर्रास दिसते. द्वित्त, म्हणजे अक्षराचे दुप्पट होणे, आहे ‘ड’चे, ते लिहिताना एक अक्षर अलीकडे सरकते आणि ‘ब’वर जाऊन बसते. दुसऱ्या एखाद्या खेळाचे नाव असे चुकले असते तर मुद्रितशोधनातली चूक म्हणून सोडून देता आले असते. पण या खेळाचे नाव खेळाडूला मैदानात म्हणावे लागते. ‘क्रिकेट, क्रिकेट’ म्हणत कोणी एकेरी धाव काढत नाही.

नियम स्पष्ट आहे. चढाई करणाऱ्याने समोरच्या अंगणात शिरतानाच दम घेतलेला हवा. म्हणजे ‘कबड्डी’ हा शब्द एका श्वासात, न थांबता, पंचाला ऐकू येईल असा म्हणत राहायचे. मध्यरेषा ओलांडल्यावर दम सुरू केला तर पंच त्याला परत पाठवतो आणि समोरच्या संघाला एक तांत्रिक गुण व चढाईची संधी मिळते. समोरच्या अंगणात असताना दम गेला तर तो बाद. आता दूरचित्रवाणीवरच्या सामन्यांत तीस सेकंदांच्या घड्याळाकडे जेवढे लक्ष असते तेवढे दमाकडे नसते, हे खरे. पण स्थानिक सामन्यांत पंचाचा कान अजून तिथेच असतो.

नाव आणि दम एकच असणे ही या खेळाची जुनीच रीत. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हा-डु-डु, तमिळनाडूत सडुगुडु, आंध्रात चेडुगुडु. जिथे जो दम, तिथे तेच खेळाचे नाव. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने परदेशात या खेळाचे प्रात्यक्षिक केले, तेव्हाही आपल्याकडे घरोघरी शब्द हुतूतूच होता. देशपातळीवर एक नियम, एक संघटना झाली तेव्हा एकच दम निवडावा लागला आणि बाकीची नावे मागे पडली. बांगलादेशानेही राष्ट्रीय खेळ म्हणून नाव स्वीकारले ते कबड्डी. (तमिळ ‘कै’ म्हणजे हात आणि ‘पिडी’ म्हणजे धरणे, त्यावरून कबड्डी, ही व्युत्पत्ती आपल्या पुरवण्यांत दरवर्षी येते. छापायचीच तर ‘असे म्हणतात’ एवढे तरी जोडावे.)

निवड वाईट झाली नाही, असे माझे मत. क, ब, ड्ड ही तिन्ही स्पर्श व्यंजने. प्रत्येक वेळी तोंडातली वाट क्षणभर बंद होते आणि श्वास अडतो. त्यातही ‘ड्ड’वर जीभ टाळ्याला टेकून किंचित थांबते. ‘हुतूतू’तला ‘हु’ मात्र प्रत्येक फेरीला थोडी हवा फुकट घालवतो. दोन्ही शब्द सलग म्हणून पाहा, फरक छातीला कळतो. म्हणूनच ‘कब्बडी’ खटकते. द्वित्त ओठांवर गेले की जिभेचा तो टेका जातो आणि शेवटचा ‘डी’ निसटता येतो.

1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून हे नाव परभाषांत पक्के रुजू लागले, आणि तिथे त्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत दोन ‘डी’ लिहून आपण द्वित्त दाखवले. पण इंग्रजी वाचकाला जोड अक्षर दिसले म्हणून त्याचा उच्चार दुहेरी होत नाही. तो ‘कबाडी’ म्हणतो, म्हणजे आपल्या कानाला भंगारवाला. फारसीत मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळ्याकडे वळवून म्हणायचा, ‘ड’ नाही, तिथे जीभ दातांशी जाते आणि ‘द’ होतो. जपानी वर्णमालेत दा, जी, झु, दे, दो अशी ओळ आहे, ‘दी’ नाही. म्हणून ते ‘दे’च्या अक्षराला छोटी ‘इ’ जोडतात, द्वित्त सोडून देतात आणि ‘काबादी’ लिहितात. कोरियनमध्ये सुरुवातीचा ‘क’ ‘ख’कडे झुकतो: खाबादी. चिनी लोकांनी तीन चिन्हे घेतली. त्यांचा उच्चार आपल्याला साधारण ‘खापाती’ असा ऐकू येईल.

मग इराणी किंवा कोरियन खेळाडूचा दम ग्राह्य धरायचा का? धरायचाच. पंचाने सातत्य आणि स्पष्टता पाहावी. उच्चारावर अडून बसायचे म्हटले तर आपल्यातलेही निम्मे चढाईपटू बाद होतील, कारण वेगात म्हणताना त्यांचे ‘बड्डी-बड्डी’ होते आणि ‘क’ ऐकूच येत नाही. 2016 मध्ये अहमदाबादच्या विश्वचषकात कोरियाने सलामीलाच भारताला 34-32 असे हरवले आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुषांचे व महिलांचे दोन्ही सुवर्ण इराणने नेले. ‘ड्ड’वाचून त्यांचे काही अडले नाही.

परदेशात नाव आपले पोचले, पण खेळातले बाकीचे शब्द पोचले ते इंग्रजी नियमपुस्तकातून. जपानी खेळाडू चढाई करणाऱ्याला ‘रेइदा’ आणि बचाव करणाऱ्यांना ‘आन्ती’ म्हणतात, ते ‘रेडर’ आणि ‘अँटी’वरूनच. ‘लोण’ तेवढे टिकले. इंग्रजी नियमांतही ते ‘लोना’ म्हणून आहे. म्हणूनच मराठी क्रीडापानावर ‘ऑल आउट’ वाचताना नवल वाटते. सगळा संघ बाद झाला की लोण चढतो आणि दोन जादा गुण मिळतात, हे मराठी वाचकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तसेच रेडऐवजी चढाई, टॅकलऐवजी पकड, बॉक लाइनऐवजी निदानरेषा. हे शब्द नव्याने घडवायचे नाहीत, स्थानिक सामन्यांचे निवेदक ते रोज ध्वनिवर्धकावरून बोलतात. परदेशी वृत्तसंस्थांचा मजकूर भाषांतरित करताना तेवढे बदलले तरी पुरे.

मथळ्याचे मात्र याहून सोपे आहे. आपल्या संगणकांवर ‘कब्बडी’ टंकले की आपोआप ‘कबड्डी’ होईल अशी सोय एकदाच करून घ्यावी. पुढची स्पर्धा डिसेंबरात आहे.

आपला,
एक कबड्डी पंच, सांगली