कुलगुरूंचं संशोधनही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाला नवे कुलगुरू येणार म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला : कुणाच्या गटाचे? दुसरा, गाव कुठलं? या माणसानं आयुष्यभर प्रयोगशाळेत काय केलं, हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. बातमीतही शोधनिबंधांची संख्या येते, विषय येत नाही.

मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवत असे. अतिसंवाहकता, म्हणजे पदार्थाचा विद्युतरोध पार शून्य होणं, हा धडा आला की पॉल चू या भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट सांगायचो. पारा ४.२ केल्विनपर्यंत (उणे २६९ अंश सेल्सिअस) थंड केला की त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, हे कामरलिंग ओन्स यांना १९११ मध्ये दिसलं. पण एवढ्या थंडीला द्रवरूप हेलियम लागतो आणि तो महाग. १९८७ मध्ये ह्यूस्टनचे चू, त्यांचे जुने विद्यार्थी एम. के. वू आणि सहकाऱ्यांना यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं संयुग ९३ केल्विनलाच अतिसंवाहक होताना आढळलं. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे त्याच्यावर भागलं! करवीर-राधानगरीकडची पोरं इथं हमखास खुलायची. हा नायट्रोजन त्यांच्या गोठ्यापर्यंत येतो. जनावरांचे डॉक्टर रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. (नोबेल त्या वर्षी बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना मिळालं. वाट त्यांनी १९८६ मध्येच दाखवली होती, तरी माझ्या पोरांना ते कधी पटलं नाही.)

हेच चू २००१ ते २००९ हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचे प्रमुख होते. विद्यापीठ तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं. मुदत संपल्यावर ते पुन्हा ह्यूस्टनला, संशोधनाकडे गेले. आपल्याकडचे माजी कुलगुरू बहुधा सत्काराच्या व्यासपीठांवरच भेटतात.

आणि हा विषय आपल्याला परका नाही. शिवाजी विद्यापीठात याच जातीच्या अतिसंवाहकांचे पातळ थर विद्युतलेपनानं बनवण्यावर काम झालं आहे. मुलामा कसा चढतो हे हुपरीच्या चांदी-कारागिराला शिकवायला नको. त्याला कुणी नीट सांगितलं असतं तर हेही चटकन कळलं असतं.

तेव्हा पुढच्या निवडीवेळी प्रत्येक इच्छुकाच्या संशोधनावर, चहाच्या टपरीवर वाचता येईल अशा मराठीत, अर्धा स्तंभ द्यावा. गटाची बातमी खुशाल शेजारी छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर