जूनमध्ये मालवणचा लिलाव कसा दिसणार?

महोदय,
आपल्या पर्यटन पुरवणीतील मालवणवरील लेखात जूनमधल्या सहलीत किनाऱ्यावरचा मासळी लिलाव पाहण्याचा सल्ला आहे. तो पर्यटकांची फसगत करणारा आहे. माशांच्या प्रजननकाळामुळे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांना सूट आहे, पण खवळलेल्या समुद्रात त्या क्वचितच लोटतात. त्यामुळे लिलाव जवळपास थंडावतो आणि ताटातली सुरमई बहुधा बर्फातली असते. सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी होडी वाहतूकही पावसाळ्यात बंद. तेव्हा बाजारात खारा बांगडा, सुका जवळा, गोलमा (सुकवलेली लहान कोळंबी) घ्यावा, खाडीची मासळी विचारावी. लिलावासाठी ऑक्टोबरनंतर यावे. बंदीच्या तारखा पुढील पुरवणीत ठळकपणे छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, कुडाळ