‘सदर बाब क्रीडा प्रकारात मोडत नाही’: मंत्रिमहोदयांना एका शिक्षकाचे खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या प्रजासत्ताक दिनी आपण आमच्या शाळेत झेंडावंदनाला आला होता, हे आपल्याला आठवत असेलच असे नाही. त्या दिवशी सोलापुरात आपले आणखी पाच कार्यक्रम होते. महिनाभरात या शाळेत रोबोटिक्सची प्रयोगशाळा उभी राहील आणि मुलांच्या स्पर्धेचा सगळा खर्च शासन उचलेल, असे आपण व्यासपीठावरून जाहीर केले, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. आपल्या नावाची कोनशिला आठवड्याच्या आत बसली. तिच्यामागच्या खोलीत आजही मोडकी बाके आहेत.

परवा सोमवारी दोन कागद एकदमच हाती पडले. एक आमचे प्रवासखर्चाचे बिल, ‘सदर बाब क्रीडा प्रकारात मोडत नाही, सबब परत’ या शेऱ्यासह. आणि दुसरी, पूर्वपरवानगीशिवाय विद्यार्थ्यांना जिल्ह्याबाहेर नेल्याबद्दल मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस. तेव्हा कारणे दाखवतो, जरा सविस्तर.

फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स स्पर्धेच्या धर्तीवरच्या आमच्या स्पर्धेत आठ फूट बाय चार फुटांच्या टेबलावर रोबोटने अडीच मिनिटांत नेमून दिलेली कामे आपली आपण करायची असतात. हातात रिमोट नसतो, जे काही शिकवायचे ते आधीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायचे असते. टेबलाची अडचण आली नाही, कारण प्लायवूडची अख्खी शीट त्याच मापाची मिळते. अडले ते वरच्या छापील मॅटपाशी. ती परवडेना, म्हणून चौकातून उतरवलेला आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स आम्ही टेबलावर पालथा अंथरला आणि त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून रेघा आखल्या. दोन महिने आमचा रोबोट, क्षमा असावी, आपल्या पाठीवर धावत होता.

फ्लेक्सची पाठ राखाडी आणि चकाकणारी होती, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला. रोबोटच्या पोटाखालचा सेन्सर पृष्ठभागावरून परतणारा उजेड मोजतो आणि त्या आकड्यावरून रेघ ओळखतो. आमच्या वर्गातल्या मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली, राखाडी फ्लेक्सवर बसवलेला आकडा पुण्याच्या झगझगीत सभागृहातल्या पांढऱ्या मॅटवर साफ चुकला. पहिल्याच फेरीत रोबोटने रेघ सोडली, टेबलाच्या कडेला धडक दिली आणि उरलेला वेळ तो तिथेच चाके फिरवत राहिला. पंचांनी हळूच घड्याळाकडे पाहिले. आमच्या सहा मुलांनी मात्र माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या फेरीआधी दहा मिनिटे होती. आमच्या संघातल्या आठवीतल्या एका मुलीचे वडील जॅकार्ड मागावर चादरी विणतात. प्रोग्रॅमिंग तिलाच सगळ्यांत आधी उमजले होते. ‘सर, हे आमच्या मागावरच्या पुठ्ठ्यासारखंच आहे की! भोक असेल तिथं धागा उचलायचा, नसेल तिथं नाही,’ असे ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आणि मी वीस वर्षे विज्ञान शिकवूनही ते माझ्या डोक्यात आले नव्हते. तिने मला बाजूला सारले, त्या मॅटवर काळ्याचे आणि पांढऱ्याचे रीडिंग नव्याने घेतले आणि मधला आकडा टाकला. रोबोट रेघेवरून गेला, दोन कामे करून आला. आम्ही शेवटून तिसरे आलो. माझ्या मते ही बातमी होती, पण सोलापुरात ती कोणी छापली नाही.

आता माझे सांगतो. किट आणि प्रवेश शुल्कासाठी मी पतसंस्थेतून ६० हजारांचे कर्ज काढले असून त्याचा हप्ता पगारातून कापला जातो. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने निघालो असतो तर पोचेपर्यंत नोंदणी बंद झाली असती, म्हणून आदल्या रात्री सहा मुले आणि रोबोटची पेटी घेऊन जनरल डब्यात दाराशी बसून गेलो. दिवसा मतदार याद्यांसाठी घरोघर फिरायचे आणि रात्री नऊपर्यंत सराव घ्यायचा, असे दोन महिने चालले. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात मी पोचलो तेव्हा पंगत उठली होती. सासरी तो विषय अजून संपलेला नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. बाकी अहवाल, ॲपवरचे फोटो, पाहुण्यांसाठी रांगोळ्या ही कामे कोणत्या कलमात मोडतात, ते कधी कोणी शेऱ्यात लिहीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासूनच्या मुलांना कोडिंग शिकवावे असे आहे. २०१६ पासून केंद्राचे अटल इनोव्हेशन मिशन चालू आहे, त्यात शाळेतल्या एका टिंकरिंग लॅबला, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायच्या प्रयोगशाळेला, २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तर पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा ५० हजार लॅबची घोषणा झाली. मी बोटांवर हिशेब केला: रविवार-दिवाळी धरून रोज सत्तावीस लॅब. हिशेब चुकला असेल तर दुरुस्त करावा, पण त्या सत्ताविसांत आमचा दिवस कधीचा, तेवढे कळवावे.

दिल्लीत घोषणा होते, मुंबईत परिपत्रक निघते आणि खाली येईपर्यंत त्याचा शेरा होतो. आमची स्पर्धा क्रीडेत बसत नाही, सहलीत बसत नाही, विज्ञान प्रदर्शनातही बसत नाही. कोनशिलेत तेवढी बसली. माझे बिल मंजूर नाही केले तरी चालेल, हप्ते मी फेडीन. पण नोटीस मागे घ्यावी, आणि त्या खोलीतली बाके हलवून तिथे निदान एक टेबल, दोन प्लग आणि नीट उजेड द्यावा.

तेही जमत नसेल, तर पुढच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला टाकताना तो आठ बाय चारचा घ्यावा आणि त्याची पाठ पांढरी व बिनचकाकीची असावी. या वर्षीचा टेपने फाटला आहे.

आपला,
रोबोटिक्स संघाचा मार्गदर्शक शिक्षक,
सोलापूर