पेशींवर, उंदरांवर की माणसांवर?

महोदय,

'नैराश्यावरच्या गोळीने कर्करोग आटोक्यात' अशा अर्थाची बातमी छापून आली की एक-दोन दिवसांत कुणीतरी मोबाइल पुढे धरून आमच्या खिडकीशी उभं राहतं. मी कर्करोग रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. 'ही गोळी आम्हाला का देत नाही?' या प्रश्नाला चालढकल करून उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

संशोधन खरं आहे. झुरिचच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठींतल्या पेशींवर मेंदू आणि मनाच्या विकारांवरची बरीच औषधं तपासली. त्यांत व्हॉर्टिऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध उजवं ठरलं, उंदरांतही त्याचा परिणाम दिसला. शिवाय ते रक्तातून मेंदूत पोचतं. कर्करोगाची बहुतेक औषधं मेंदूत शिरण्याआधीच अडतात. एवढ्यावरून आशा वाटणं मी समजू शकते. पण व्हॅल्प्रोएटबद्दलही अशीच आशा होती. फिट्स आणि बायपोलर विकारावरचं हे औषध घेणारे ग्लिओब्लास्टोमाचे रुग्ण जास्त जगतात, असं आधीच्या नोंदींवरून वाटलं होतं. २०१६ मध्ये अठराशेहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा तसा फायदा आढळला नाही.

मला जास्त काळजी वाटते ती मनाने गोळी सुरू करणाऱ्यांची. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन दिलं जातं. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचं प्रभावी रूप तयार करतं आणि पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं नेमकं तेच विकर अडवतात. कर्करोगावर म्हणून घेतलेली गोळी कर्करोगाच्याच औषधाची ताकद कमी करू शकते! मात्र आधीपासून अशी गोळी चालू असेल, तर ती एकाएकी बंद करणंही घातक. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. पर्यायी औषधं आहेत.

याउलट ओलान्झपिनचं. स्किझोफ्रेनियावरचं हे औषध केमोथेरपीतली मळमळ-उलटी उत्तम थांबवतं आणि हे माणसांवरच्या चाचण्यांत सिद्ध झालंय. तरी घरी जाऊन इंटरनेटवर नाव शोधल्यावर 'मला वेडाची गोळी दिली' म्हणत रडवेल्या चेहऱ्याने परत येणारे रुग्ण मी पाहते. काही जण न सांगताच ती बाजूला ठेवतात आणि ओकून ओकून गळून जातात. त्यांच्यासाठी कुणी मथळा का देत नाही?

जुन्या औषधाच्या मोठ्या चाचणीत कंपन्यांना फारसा नफा नसतो. तिथे सरकारी पैसाच लागेल आणि त्याची मागणी वृत्तपत्रांनी लावून धरावी. तोवर एवढंच करा: प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर, हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. आणि पुढे माणसांवरची चाचणी फसली, तर तेही त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.

— कर्करोग रुग्णालयातील एक औषधनिर्माती