चामखिळीवरच्या औषधाची कसोटी काटेकोर हवी

महोदय,

चामखीळ किरकोळ समजली जाते, पण वर्गात हात लपवणाऱ्या मुलाला ती तशी वाटत नाही. म्हणून तिच्यावर विषाणूरोधक औषध शोधण्याच्या प्रयत्नांचे मी मनापासून स्वागत करतो. सॅलिसिलिक आम्लाचा लेप किंवा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे, हे उपाय बाधित त्वचा नष्ट करतात. विषाणूवर थेट घाव घालत नाहीत. चामखीळ ज्याच्यामुळे होते तो ह्यूमन पॅपिलोमा विषाणू आपली संख्या वाढवायला आपल्याच पेशींची यंत्रणा वापरतो. त्यामुळे विषाणूच्या स्वतःच्या यंत्रणेवर घाव घालणारे, नागिणीवर चालणारे औषध अ‍ॅसायक्लोव्हिर इथे निरुपयोगी ठरते.

पण चाचणी काटेकोर हवी. मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. तेव्हा ‘मलम लावले आणि गेली’ हा पुरावा नव्हे. औषध नसलेले, दिसायला तसेच मलम लावणारा गट हवाच, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू नये, डॉक्टरलाही. एकाच रुग्णाच्या एका हाताला औषध, दुसऱ्याला साधे मलम, ही तुलना सोपी वाटते; पण शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली तर दोन्ही हातांच्या चामखिळी जातात आणि हिशेब चुकतो. चामखीळ पुन्हा उगवते, म्हणून उपचार संपल्यावरही काही महिने नोंदी ठेवाव्यात.

आणखी एक. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, म्हणून त्यांना चिवट चामखिळी फार छळतात. निदान पुढच्या टप्प्यात तरी त्यांना चाचणीत जागा द्यावी.

– एक वाचक