वाकोल्यातली जागा आणि तीस गोळ्यांची बाटली

मा. संपादक,

जागतिक एड्स दिनानिमित्त आपल्या पुरवणीत मुंबईतल्या एड्सवर काम करणाऱ्या संस्थांवर आलेला लेख वाचला. आधी पथनाट्ये, मग निरोधवाटप, मग २००४ मध्ये मोफत औषधे आणि तिथे संस्थांचे काम सरले, असा त्याचा सूर आहे. प्रत्यक्षात झाले ते उलटे.

समलिंगी पुरुषांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये अशोक राव कवी आणि सहकाऱ्यांनी सुरू केला. त्यानंतर वर्षभरात महापालिकेने त्यांना सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यातल्या आपल्या इमारतीत जागा दिली. लेखाने ही गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकली आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लागू असताना पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषाला स्टेशनात किंवा बागेत पोलिसांचा आणि खंडणीखोरांचा धाक असे. त्याला ‘रक्त तपासून घे’ म्हणण्याआधी तासभर निर्धास्त बसता येईल अशी खोली हवी होती. निरोध, तपासणी, औषध हे सारे त्या खोलीनंतरचे. हे कलम एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात आडवे येते, असे प्रतिज्ञापत्र खुद्द नॅकोने, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, दिल्ली उच्च न्यायालयात २००६ मध्ये दिले. म्हणजे सरकारला ते कागदावर मान्य करायला खोलीनंतर अकरा वर्षे लागली.

१९९७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तर लेखात नाहीच. एचआयव्ही निघाला म्हणून एका सार्वजनिक उपक्रमाने रोजंदारीवरच्या कामगाराचे नाव यादीतून काढले होते. काम करायला जो सक्षम आहे त्याला केवळ या कारणाने नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि त्याला ‘एमएक्स’ या टोपणनावाने दावा चालवू दिला.

आता औषधांबद्दल. २००१ मध्ये मुंबईच्याच सिप्ला या औषध कंपनीने एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा वर्षभराचा संच एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेला ३५० डॉलरला देऊ केला. बड्या कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजार डॉलरच्या घरात होता. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारे औषधोपचार, मोफत मिळू लागली. मुंबईत ते रुग्णालय जे. जे. होते. लेखाच्या मते इथे गोष्ट संपते. गोळी आयुष्यभर, रोज घ्यायची असते, हे लेखक विसरले असावेत.

सध्याच्या टीएलडी या तीन औषधे एकत्र असलेल्या गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम असते. रोज एक, बाटलीत तीस. निदान ९५ टक्के गोळ्या वेळेवर पोटात जाव्यात, हा समुपदेशकांचा जुना हिशेब. तिसातल्या दोन चुकल्या की आकडा ९३ वर येतो. आणि त्या चुकतात बहुधा विसराळूपणामुळे नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे असताना खुळखुळणारी बाटली ठेवायची कुठे? मग लेबल खरवडले जाते, गोळ्या साध्या डबीत जातात, बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी फेकली जाते आणि पावसाळ्यात गोळ्या दमट होतात. पुडीसह मूळ बाटलीच जपा, हवे तर ती दुसऱ्या डब्यात लपवा, हे कोणी तरी शांतपणे सांगावे लागते.

टीबी जोडीला आला की गुंता वाढतो. रिफाम्पिसिन हे टीबीचे औषध चालू असताना रक्तातली डोलुटेग्राविरची पातळी घसरते. म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी डोलुटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवायची असते. टीबीची औषधे एका दवाखान्यातून आणि एआरटी दुसऱ्या केंद्रातून घेणाऱ्याच्या बाबतीत नेमकी हीच गोळी सुटते, कारण दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून बघणारा कोणी नसतो. पित्तावरच्या अँटासिडचेही तसेच. त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी घ्यावी. औषधाच्या दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण तिथे कोणी विचारतच नाही.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचे प्रमाण, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा तपासतात. तो मिलिलीटरमागे हजाराच्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. तीन महिने नेट लावून समुपदेशन होते, मग पुन्हा तपासणी. हे तीन महिने फोन, भेटी आणि पाठपुराव्यात जातात. कोणत्या नंबरवर फोन करायचा, कोणत्या नावाने विचारायचे, दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे, हे पहिल्याच भेटीत रुग्णाला विचारून लिहून ठेवलेले असते. ज्याने ते विचारले नाही त्याचा रुग्ण गळतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय कोणाची एचआयव्हीची स्थिती उघड करणे बेकायदा ठरवले. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे, आरोग्य संस्थेत वीस. आपल्या वाचकांपैकी किती जणांच्या कार्यालयात हा अधिकारी आहे, ते त्यांनीच पाहावे.

एक विनंती. मुंबईचे उपचार सर्वाधिक तुटतात ते गणपतीत आणि मे महिन्यात. माणूस आठ दिवसांसाठी कोकणात जातो, वीस दिवस राहतो, आणि नातेवाईक विचारतील म्हणून बाटली मुंबईतच राहते. गणपतीच्या जादा गाड्यांचे वेळापत्रक आपण छापता, त्याच पानावर चार ओळी द्याव्यात: निघण्यापूर्वी केंद्रात जाऊन पुढच्या गोळ्या घ्या. उपचारपुस्तिका सोबत न्या. मुक्काम वाढला तर ती दाखवून गावाजवळच्या एआरटी केंद्रातून मधल्या गोळ्या मिळतात. जवळचे केंद्र माहीत नसेल तर १०९७ हा एड्स मदतवाहिनीचा फोन मोफत आहे.

– एक समुपदेशक, वडाळा
(नाव छापू नये)