युनिव्हर्सिटी ग्रीनकार्ड 'देत' नाही हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या प्राध्यापकांवरचा लेख वाचला. लेखकमहाशय म्हणतात की एकदा तिकडच्या युनिव्हर्सिटीत चिकटलं की ग्रीनकार्डचं सगळं युनिव्हर्सिटीच बघते, खर्चही तीच करते, हुशार पोरांना पायघड्या घालते. बघते ना. आमच्या लेकीचं कसं बघितलं ते सांगते.

लेकीची निवड झाली मार्च २०२१ ला, मिडवेस्टातल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत, असिस्टंट प्रोफेसर, टेन्युअर ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होता येईल अशी जागा. रुजू झाली ऑगस्टला. आता शिकवणाऱ्यांना तिथल्या कामगार खात्याची एक सवलत आहे. बाकीच्या नोकऱ्यांत किमान पात्रतेचा अमेरिकन माणूस मिळालाच नाही असं दाखवावं लागतं, प्राध्यापकाला मात्र आलेल्या अर्जांत हाच सगळ्यात लायक होता एवढं दाखवलं तरी चालतं, आणि नेमणुकीच्या वेळची जाहिरातच धरतात. अट एवढीच की निवडीपासून १८ महिन्यांच्या आत कामगार खात्याकडे तसा अर्ज, ग्रीनकार्डाची पहिली पायरी, ज्याला पर्म म्हणतात, तो जायला हवा. निवडीपासून, रुजू झाल्यापासून नव्हे! हे मला कळतं, जिने आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवला, पण तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला कळलं नाही.

आधी म्हणाले पहिल्या वर्षाचा रिव्ह्यू होऊ दे, मग बघू. रिव्ह्यू चांगला झाला. मग फाइल बघणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या, नव्या साहेबांनी ऑगस्टपासून बोटं मोजली आणि फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे, काळजी करू नका असं सांगितलं, आणि लेकीने दोन-तीनदा मेल करूनही ते त्यावरच ठाम. शेवटी वकिलाकडे कागद गेले तेव्हा त्याने सांगितलं की मुदत सप्टेंबरातच संपली. यावर ऑफिसचं उत्तर काय, तर गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्याकडचे बाबू निदान तेवढंही म्हणत नाहीत, हे मान्य.

मग काय, ती ज्या खुर्चीत बसली होती त्याच खुर्चीची पुन्हा जाहिरात. तिनेच परत अर्ज करायचा, रोज जेवायला बरोबर बसणाऱ्या लोकांनी गंभीर चेहरे करून तिची मुलाखत घ्यायची, बाहेरून आलेले अर्जही नीट तपासायचे, आणि तोवर वर्गात जाऊन शिकवायचं ते शिकवायचंच. तीच निवडली गेली, पण ते चार-पाच महिने आमच्या घरात कोणी धड झोपलं नाही. पर्म गेला २०२३ च्या अखेरीला, म्हणजे सव्वा वर्ष हातचं गेलं. आणि ज्या तारखेला हा अर्ज जातो ना, तोच तुमचा रांगेतला नंबर. त्या ऑफिसने माझ्या लेकीचा नंबर मागे ढकलला, विषय संपला.

तुमच्या लेखात रांगेचं तर नावच नाही! ग्रीनकार्डांपैकी एका देशाला वर्षाला जास्तीत जास्त सात टक्के, मग तो देश केवढाही असो. कोणाचा नंबर लागला हे तिथलं सरकार दर महिन्याला व्हिसा बुलेटिनात छापतं; ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनात भारतीयांची ईबी-टूची, म्हणजे लेकीसारख्या उच्चशिक्षितांच्या वर्गाची, तारीख होती १ एप्रिल २०१३, म्हणजे त्याआधी अर्ज गेलेल्यांचाच नंबर लागलेला. दोन हजार तेरा! लेकीच्याच बरोबर लागलेला शेजारच्या डिपार्टमेंटमधला इटलीचा मुलगा, त्याचा अर्ज वेळेत गेला, तो कार्ड घेऊन मोकळा झाला. आणि हे सगळं जन्म कुठे झाला त्यावर, पासपोर्टवर नाही. माझ्या मावसबहिणीच्या सुनेचे वडील नोकरीला कुवेतला होते म्हणून तिचा जन्म तिकडचा, तर आता मुलगा पक्का कराडचा असून बायकोच्या जन्मगावावर दोघं कुवेतच्या कोट्यात. आमच्या लेकीला आम्ही साताऱ्यात जन्माला घातलं, आमचंच चुकलं म्हणायचं.

लेखात ईबी-वनचं, म्हणजे त्याच्या वरच्या वर्गाचं, लिहिलंय ते अर्धवट आहे. त्यात पर्म लागत नाही हे खरं, पण त्यातल्या प्राध्यापकांच्या प्रकारात अर्ज युनिव्हर्सिटीनेच करायचा असतो आणि लेकीची युनिव्हर्सिटी म्हणते आधी टेन्युअर मिळव. शिवाय भारतीयांना तिथेही रांग आहेच, त्याच बुलेटिनात तारीख फेब्रुवारी २०२२ होती. पर्मचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा हा २००७ पासूनचा नियम आहे, त्यात युनिव्हर्सिटीचा मोठेपणा कसला? आणि व्हिजिटिंग (पाहुणे प्राध्यापक), पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधक) वगैरेंसाठी बऱ्याच युनिव्हर्सिट्या असले अर्ज करतच नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, परदेशातून माणूस आणायचा तर एक लाख डॉलर भरा असा हुकूम निघाला, युनिव्हर्सिट्यांना त्यातून सरसकट माफी नव्हती, मग इथून पीएचडी करून निघालेल्या पोराला कोण बोलावणार? पायघड्या म्हणे.

शेवटी लेखकाने उपदेश केलाय की अशा हुशार मुलांनी मायदेशी परत यावं. यावं की. कशावर? सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मिळणाऱ्या पैशांवर? लेकीची वर्गमैत्रीण प्राध्यापकपदाची सेट परीक्षा पास झालेली, पीएचडी झालेली, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते, सकाळी एक आणि दुपारी दुसरं, मध्ये एसटी, आणि मानधन कधी महिनोन्महिने नाही. तिच्याबद्दल लिहा ना एक पानभर, रंगीत फोटोसकट. प्राध्यापक भरतीची बातमी मात्र तुम्ही आतल्या पानावर, गुंतवणुकीच्या जाहिरातीखाली छापता.

असो. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल अशी अपेक्षा आहे. मागच्या वेळी पाणीपट्टीवरचं माझं पत्र निम्मं कापलंत, या वेळी कापायचंच असेल तर मावसबहिणीचं कापा, १८ महिन्यांचं ठेवा. आपल्याकडची बरीच मुलं यंदा तिकडे मुलाखती देतायत, त्यांनी ऑफर हातात पडल्या दिवशीच लेखी विचारावं की माझा पर्म कोण, कधी पाठवणार.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा